सर्जनशील सॉफ्टवेअरचे खर्चिक अद्ययावतीकरण आणि मराठी अक्षरजुळणीचा व्यवसाय : पालघर व बोईसर-तारापूर परिसराच्या संदर्भात

गोषवारा

छपाई, जाहिरात, वेष्टन आणि फलकलेखन या व्यवसायांत वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या महाग असतात, ही डिझायनरांची जुनी तक्रार आहे. २०१३ नंतर एकरकमी खरेदीची जागा मासिक भाड्याने घेतल्यामुळे ही तक्रार अधिक तीव्र झाली. मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांच्या बाबतीत या तक्रारीला आणखी एक बाजू आहे. नवी आवृत्ती घेतल्याशिवाय युनिकोड मराठी शुद्ध उमटत नाही आणि ती घेतल्यावर आपलेच जुने काम उघडत नाही. प्रस्तुत लेखात या दुहेरी अडचणीची कारणे, तिचे आर्थिक व कायदेशीर स्वरूप आणि महाविद्यालयांना करता येण्याजोगे उपाय यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : अक्षरजुळणी, परवाना, अद्ययावतीकरण, युनिकोड, मुक्त सॉफ्टवेअर.

१. प्रस्तावना

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीच बोईसरजवळील तारापूर औद्योगिक वसाहतीमुळे आणि १९६९ पासून वीजनिर्मिती करणाऱ्या तारापूर अणुविद्युत केंद्रामुळे या किनारपट्टीचे आर्थिक जीवन बदलले होते. रासायनिक व औषधी कारखान्यांना पिंपांवरील लेबले, धोक्याच्या सूचना, माहितीपत्रके आणि सुरक्षाफलक लागतात. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने महत्त्वाच्या सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावण्याची अट घातली होती. त्यामुळे अशा वसाहतीत मराठी व हिंदी अक्षरजुळणीचे काम कारखान्याच्या गरजेतूनच निर्माण होते.

याशिवाय स्थानिक मागणीही मोठी आहे. लग्नपत्रिका, गणेशोत्सव मंडळांचे अहवाल, ग्रामपंचायतींचे फलक, शाळांची नियतकालिके, निवडणुकीतील फ्लेक्स अशी कामे वर्षभर चालू असतात. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशा मानांकित फळाला बाजारात स्वतःची ओळख सांगणारे वेष्टन लागते. राज्य शासनाने २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी फलक बंधनकारक केले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील व्यापाऱ्यांना त्याची पूर्तता करण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. थोडक्यात, मराठी अक्षराला मागणी आहे आणि ती वाढत आहे. असे असताना हे अक्षर मांडणाऱ्या व्यावसायिकाला स्वतःचे साधन परवडेनासे का व्हावे, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

२. अद्ययावतीकरणाचा अर्थ

कात्री किंवा छपाईयंत्र विकत घेतले की ते झिजेपर्यंत आपले असते. सॉफ्टवेअरचे तसे नाही. ग्राहक सॉफ्टवेअरची मालकी घेत नाही, वापरण्याचा परवाना घेतो. भारतीय न्यायालयांनी या व्यवहाराचे स्वरूप दोन महत्त्वाच्या निर्णयांत स्पष्ट केले आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये असे ठरविले की, माध्यमावर साठवून विकले जाणारे तयार सॉफ्टवेअर विक्रीकरासाठी ‘वस्तू’ ठरते. पुढे मार्च २०२१ मध्ये, परदेशी कंपन्यांना दिलेल्या मोबदल्यावरील आयकराच्या वादात, अशा सॉफ्टवेअरचा ग्राहक केवळ वापराचा अधिकार मिळवतो, त्याच्याकडे प्रतिमुद्राधिकार येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. म्हणजे खरेदीची पावती हातात असूनही ग्राहकाचा अधिकार मर्यादित राहतो.

अद्ययावत आवृत्ती घेण्यामागे चार प्रकारची कारणे असतात. पहिले कारण नव्या सुविधांचे. दुसरे कारण यंत्राचे : जुना संगणक बिघडला की नव्या संगणकावर जुने सॉफ्टवेअर चालेलच असे नाही. विंडोज दहाचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज अकराला लागणारी सुरक्षा-चकती अनेक जुन्या संगणकांत नसल्याने एका बदलामागून दुसरा बदल करावा लागतो. तिसरे कारण ग्राहकाच्या फाइलचे : कारखान्याच्या मुख्यालयातून आलेली फाइल नव्या आवृत्तीत असेल, तर ती जुन्या आवृत्तीत उघडत नाही. चौथे कारण भाषेचे असून त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे. यांपैकी केवळ पहिले कारण डिझायनरच्या इच्छेवर अवलंबून असते. उरलेली तीन त्याच्यावर बाहेरून येतात. म्हणूनच ‘गरज नसेल तर घेऊ नका’ हा सल्ला अपुरा ठरतो.

३. खरेदीकडून भाड्याकडे

१९८५ मध्ये अल्डस कंपनीच्या पेजमेकरने मेजावरील प्रकाशनाचे, म्हणजेच डीटीपीचे, युग सुरू केले. १९८९ मध्ये कोरलड्रॉ आले. १९९४ मध्ये अल्डस कंपनी अॅडोबीत विलीन झाली. महाराष्ट्रातील छोट्या अक्षरजुळणी केंद्रांनी पुस्तके व नियतकालिके यांसाठी पेजमेकर आणि पत्रिका, फलक, लेबले यांसाठी कोरलड्रॉ अशी विभागणी स्वीकारली. पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि ती मालिका तेथेच थांबली. अॅडोबीने १९९९ मध्येच इनडिझाइन बाजारात आणले होते. २००३ मध्ये फोटोशॉप, इलस्ट्रेटर व इनडिझाइन यांचा ‘क्रिएटिव्ह सूट’ हा एकत्रित संच आला.

या संचाच्या काळात डिझायनरकडे एक महत्त्वाचा अधिकार होता. एखादी आवृत्ती गाळून पुढची आवृत्ती तो सवलतीच्या दरात घेऊ शकत असे. अॅडोबी मागील तीन आवृत्त्यांच्या धारकांना ही सवलत देत असे. नोव्हेंबर २०११ मध्ये कंपनीने ही सवलत केवळ लगतच्या आवृत्तीपुरती मर्यादित करण्याचे जाहीर केले. व्यावसायिकांनी तीव्र नाराजी व्यक्त केल्यानंतर जानेवारी २०१२ मध्ये जुन्या आवृत्त्यांच्या धारकांना त्या वर्षअखेरपर्यंत मुदत देण्यात आली. मे २०१३ मध्ये मात्र, यापुढे नव्या आवृत्त्या केवळ ‘क्रिएटिव्ह क्लाउड’ या भाडेयोजनेतूनच मिळतील, असे जाहीर झाले. २०१२ चा सहावा संच हा एकरकमी विकला गेलेला शेवटचा संच ठरला. कोरलड्रॉने त्यानंतरही अनेक वर्षे खरेदी व भाडे असे दोन्ही मार्ग खुले ठेवले. एका कंपनीने निवडलेला मार्ग हा तंत्रज्ञानाचा अपरिहार्य परिणाम नव्हता, हे यावरून लक्षात येते.

भाडेयोजनेतील अटींवरही आक्षेप घेतले गेले. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने पाठविलेल्या प्रकरणावरून तेथील न्याय विभागाने जून २०२४ मध्ये अॅडोबीविरुद्ध दावा दाखल केला. वर्षभराचा करार मासिक हप्त्यांच्या रूपात दाखवून, तो मध्येच सोडल्यास द्याव्या लागणाऱ्या शुल्काची माहिती ठळकपणे दिली नाही, असा त्यातील आरोप होता.

४. भाड्याचे अर्थकारण

ही तक्रार केवळ भावनिक आहे की तिला आर्थिक आधार आहे, हे एका काल्पनिक उदाहरणाने तपासता येईल. समजा, एका सॉफ्टवेअरची एकरकमी किंमत ६०,००० रुपये आहे, चौथ्या वर्षी घेतलेली नवी आवृत्ती सवलतीत २४,००० रुपयांना पडते आणि त्याच सॉफ्टवेअरचे भाडे दरमहा २,५०० रुपये आहे. दोन वर्षांअखेर दोन्ही मार्गांचा खर्च ६०,००० रुपये म्हणजे समान होतो. सहा वर्षांअखेर खरेदीचा खर्च ८४,००० रुपये, तर भाड्याचा खर्च १,८०,००० रुपये होतो. शिवाय सातव्या वर्षी काम थांबवले, तरी खरेदीदाराकडे चालू अवस्थेतील सॉफ्टवेअर उरते. भाडेकरूकडे केवळ न उघडणाऱ्या फायली उरतात.

या हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. नव्याने व्यवसाय सुरू करणाऱ्याला एकदम ६०,००० रुपये उभे करणे कठीण असते. त्याच्यासाठी भाडे हा प्रवेशाचा सोपा मार्ग ठरतो. दुरुस्त्या व सुरक्षा-सुधारणा वेळेवर मिळतात. नियमित मोठी कामे असलेल्या जाहिरात संस्थेला भाडे हा चालू खर्च म्हणून दाखविणे सोयीचेही असते. परंतु हे फायदे नियमित उत्पन्न गृहीत धरतात. बोईसर किंवा पालघरमधील लहान केंद्राचे उत्पन्न लग्नसराई, गणेशोत्सव, निवडणुका आणि शाळांचे वार्षिक कार्यक्रम यांभोवती फिरते. पावसाळ्याच्या मधल्या काळात काम मंदावते, भाडे मात्र दरमहा द्यावेच लागते. पूर्वी मंदीच्या वर्षी नवी आवृत्ती पुढे ढकलता येत असे. भाडेयोजनेने काढून घेतली ती हीच मुभा.

वस्तू व सेवा कराचा परिणामही विषम आहे. सॉफ्टवेअरवरील १८ टक्के कर नोंदणीकृत व्यावसायिकाला आपल्या करदायित्वातून वजा करता येतो. उलाढाल मर्यादेखाली असल्याने नोंदणी न केलेल्या किंवा आपसमेळ योजना स्वीकारलेल्या लहान व्यावसायिकाला ही वजावट मिळत नाही. त्यामुळे एकच सॉफ्टवेअर लहान डिझायनरला मोठ्या संस्थेपेक्षा प्रत्यक्षात महाग पडते.

५. मराठी अक्षराचा स्वतंत्र प्रश्न

वरील अडचणी जगातील कोणत्याही डिझायनरला लागू पडतात. मराठीचा प्रश्न याहून वेगळा आहे आणि तो समजण्यासाठी संगणकात अक्षर कसे साठवले जाते, हे पाहावे लागते.

पेजमेकरच्या काळात सॉफ्टवेअरला देवनागरी लिपी माहीतच नव्हती. त्यात इंग्रजी अक्षरांसाठी सुमारे दोनशे वापरण्याजोगी स्थाने होती. भारतीय टंकनिर्मात्यांनी त्या स्थानांवर देवनागरीचे तुकडे बसवले. अर्धा ‘क’, काना, वेलांटी, रफार असे हे तुकडे होते. पडद्यावर ‘पालघर’ दिसत असले, तरी फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी चिन्हांची मालिका साठवली जात असे. पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी, आकृती, सी-डॅकची भाषा-प्रणाली यांनी या युक्तीच्या बळावर मराठी मुद्रण संगणकावर आणले, हे त्यांचे मोठे योगदान आहे. परंतु प्रत्येकाची तुकडे बसविण्याची पद्धत वेगळी होती. परिणामी एका टंकातील मजकूर दुसऱ्या टंकात अर्थहीन चिन्हांचा ढीग बनतो. काही प्रणालींसोबत संगणकाला जोडायचे कुलूप येत असे. ते बिघडले किंवा नव्या संगणकाला त्यासाठी जागा नसली, की सगळा टंकसंच निकामी होत असे.

युनिकोडने ही पद्धत बदलली. त्यात प्रत्येक देवनागरी वर्णाला स्वतःचा कायमचा क्रमांक असतो. जोडाक्षर मात्र साठवले जात नाही. ते वर्ण व हलन्त यांच्या क्रमावरून टंकातील नियमांनुसार पडद्यावर घडवले जाते. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोड सामान्य संगणकावर उपलब्ध झाले आणि त्यासाठीचा ‘मंगल’ हा टंक सुलेखनकार व कवी र. कृ. जोशी यांनी घडवला. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी देवनागरी वर्णमाला व लिपी यांचे प्रमाणरूप निश्चित केले.

येथे अडचण अशी होती की, जोडाक्षर घडविण्याचे काम मांडणीच्या सॉफ्टवेअरला करता यावे लागते. इनडिझाइनच्या आरंभीच्या आवृत्त्यांना ते जमत नव्हते. ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर पडे आणि जोडाक्षरे सुटी दिसत. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे मराठीत वेगळ्या अर्थांचे शब्द आहेत. त्यांतील ‘ऱ्य’ नीट उमटला नाही तर अर्थच बदलतो. भारतीय लिप्यांसाठी आवश्यक ती यंत्रणा इनडिझाइनमध्ये २०१२ च्या सहाव्या संचात आली. इंग्रजी मजकूर मांडणाऱ्याला १९९९ ची आवृत्तीही शुद्ध अक्षरे देत होती. मराठी मजकूर युनिकोडमध्ये मांडणाऱ्याला मात्र २०१२ ची आवृत्ती घेणे भाग होते आणि त्यानंतर एका वर्षातच भाडेयोजना आली. इंग्रजीला सुरुवातीपासून जे मिळाले, ते मराठीला अद्ययावतीकरणाची किंमत मोजून मिळाले.

अद्ययावतीकरणाचा दुसरा परिणाम उलट्या दिशेने होतो. इनडिझाइनच्या सहाव्या संचापर्यंत पेजमेकरच्या फायली उघडता येत असत. भाडेयोजनेतील आवृत्त्यांत ती सोय राहिली नाही. जानेवारी २०२३ मध्ये अॅडोबीने आपल्या मांडणी-सॉफ्टवेअरमधून ‘टाइप वन’ जातीच्या जुन्या टंकांचा आधारही काढून घेतला. त्यामुळे १९९० च्या दशकात आणि २००० नंतरच्या काही वर्षांत जुळवलेली मराठी पुस्तके, स्मरणिका, महाविद्यालयीन वार्षिके आणि संशोधनपत्रिका यांच्या मूळ फायली आज नव्या यंत्रणेत जशाच्या तशा उघडणे कठीण झाले आहे. छापील प्रत जपली असेल तर निदान वाचता येते. केवळ फाइल जपली असेल तर मजकूर असूनही नसल्यासारखा होतो.

६. स्थानिक कामाची साखळी आणि जुन्या आवृत्तीचा आग्रह

लहान शहरातील छपाईचे काम एका व्यक्तीकडे पूर्ण होत नाही. डिझायनर मांडणी करतो, फ्लेक्स छापणारा किंवा प्लेट काढणारा ती फाइल उघडतो, मुद्रक छापतो. या साखळीतील एखाद्याकडे कोरलड्रॉची जुनी आवृत्ती असेल, तर इतरांना फाइल त्या आवृत्तीत साठवून द्यावी लागते. टंक नसल्याने अक्षरे बिघडू नयेत, म्हणून ती ‘कर्व्ह’ करून दिली जातात, म्हणजे अक्षराचे केवळ आकृतीत रूपांतर केले जाते. त्यामुळे छपाई निर्दोष होते; परंतु पुढच्या वर्षी त्याच फलकातील तारीख किंवा एखादे नाव बदलायचे झाल्यास संपूर्ण मजकूर पुन्हा जुळवावा लागतो. रासायनिक मालाच्या लेबलावर असा पुन्हा जुळवलेला मजकूर काळजीपूर्वक तपासला गेला नाही, तर धोक्याच्या सूचनेतच चूक राहण्याचा संभव असतो. म्हणूनच हा प्रश्न डिझायनरच्या सोयीपुरता मर्यादित मानता येत नाही.

महागाईवर उतारा म्हणून अनधिकृत प्रती वापरण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. प्रतिमुद्राधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार, अनधिकृत प्रत आहे हे माहीत असूनही तिचा संगणकावर वापर करणे हा गुन्हा आहे. त्यासाठी किमान सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. शिक्षेची भीती बाजूला ठेवली, तरी व्यावसायिक तोटा उरतोच. अशा प्रतींना दुरुस्त्या मिळत नाहीत, त्यांतून विषाणू येतात आणि रीतसर परवान्याचा पुरावा मागणाऱ्या मोठ्या कारखान्याचे काम हातचे जाते.

७. उपलब्ध पर्याय व त्यांच्या मर्यादा

मुक्त सॉफ्टवेअरचा पर्याय आता पूर्वीपेक्षा समर्थ झाला आहे. इंकस्केप हे रेखाकृतींचे सॉफ्टवेअर युनिकोड देवनागरी चांगल्या रीतीने हाताळते. पुस्तकमांडणीसाठीचे स्क्रायबस बराच काळ भारतीय लिप्यांबाबत दुबळे होते. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या १.६ या स्थिर आवृत्तीत जटिल लिप्यांची सोय समाविष्ट आहे आणि छपाईसाठी लागणारी चतुरंगी विभागणीही त्यात करता येते. छायाचित्रांसाठी गिंप व क्रिता उपलब्ध आहेत. ब्रिटनमधील सेरिफ कंपनीची अॅफिनिटी ही मालिका २०२४ मध्ये कॅनव्हाने विकत घेतली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती विनामूल्य करण्यात आली. टंकांच्या बाबतीतही मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे मुक्ता व बालू यांसारखे मुक्त परवान्याचे दर्जेदार देवनागरी टंक उपलब्ध आहेत.

तथापि या पर्यायांच्या मर्यादा दृष्टिआड करून चालणार नाही. इंकस्केप मूलतः पडद्याच्या रंगपद्धतीत काम करते. त्यामुळे छपाईच्या रंगांसाठी पुढे दुसऱ्या सॉफ्टवेअरची मदत घ्यावी लागते. विनामूल्य असणे म्हणजे मुक्त असणे नव्हे. मालकीचे सॉफ्टवेअर आज फुकट दिले जात असले, तरी उद्याच्या अटी कंपनीच ठरवते. शिवाय कोणतेही सॉफ्टवेअर स्वीकारण्यापूर्वी ‘ऱ्य’, ‘र्‍हस्व वेलांटीसह जोडाक्षर’, ‘रफार व अनुस्वार एकत्र’ आणि मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’ या चार चाचण्या घेणे आवश्यक आहे. शेवटी, साखळीतील मुद्रक तीच फाइल स्वीकारत नसेल, तर एकट्या डिझायनरने केलेला बदल टिकत नाही.

८. महाविद्यालयांची भूमिका

या प्रश्नात महाविद्यालये त्रयस्थ नाहीत. ती मुद्रणाची ग्राहक आहेत, जुन्या मजकुराची धारक आहेत आणि या व्यवसायात जाणाऱ्या विद्यार्थ्यांची शिक्षक आहेत. या तीनही नात्यांनी पुढील गोष्टी करता येतील.

पहिली गोष्ट, महाविद्यालयाने छपाईसाठी दिलेल्या प्रत्येक कामासोबत युनिकोडमधील मूळ मजकूर, छपाईयोग्य पीडीएफ आणि मांडणीची विनिमययोग्य फाइल अशा तीन गोष्टी परत मागाव्यात. इनडिझाइनमधून २००८ पासून उपलब्ध असलेले आयडीएमएल हे स्वरूप अशा विनिमयासाठी उपयुक्त आहे. दीर्घकाळ जपण्यासाठी पीडीएफचे ‘ए’ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणरूप वापरावे.

दुसरी गोष्ट, जुन्या वार्षिकांच्या व स्मरणिकांच्या फायली, जुना संगणक चालू आहे तोवरच युनिकोडमध्ये आणून घ्याव्यात. त्यासाठी रूपांतरक उपलब्ध आहेत. परंतु रफार, ऱ्हस्व वेलांटी व ‘ऱ्य’ यांत चुका राहतात. छापील प्रतीवरून मुद्रितशोधन करण्याचे हे काम मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून देता येईल. त्यातून मजकूर वाचेल आणि विद्यार्थ्यांना प्रमाणलेखनाचा सरावही होईल.

तिसरी गोष्ट, अभ्यासक्रमात एखाद्या उत्पादनाची कळफलक-वाट शिकविण्याऐवजी मांडणीची तत्त्वे, रंगविभागणी, टंकांची रचना व फायलींची स्वरूपे शिकवावीत. शैक्षणिक सवलतीत शिकलेला विद्यार्थी पदवीनंतर पूर्ण भाड्याच्या बाजारात उतरतो. दोन पर्यायी साधने हाताळलेला विद्यार्थी त्या बाजारात निवड करू शकतो. एकच साधन शिकलेल्याला निवडीला वाव नसतो.

९. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. अद्ययावतीकरणाविषयीची डिझायनरांची नाराजी केवळ किमतीची नाही. खर्च कधी करायचा हे ठरविण्याचा अधिकार आणि आपल्या जुन्या कामावरील ताबा, या दोन गोष्टी गमावल्याची ती नाराजी आहे. मराठी डिझायनरला लिपीच्या शुद्धतेसाठी पुढे जावे लागते आणि पुढे जाताना जुन्या टंकांतील मजकूर मागे सोडावा लागतो. भाडेयोजना नियमित उत्पन्नाच्या संस्थांना सोयीची असली, तरी हंगामी उत्पन्नाच्या लहान केंद्रांवर तिचा भार अधिक पडतो. अनधिकृत प्रती हा यावरचा मार्ग नव्हे, आणि मुक्त सॉफ्टवेअरही संपूर्ण साखळीने स्वीकारल्याशिवाय पुरे पडत नाही.

सॉफ्टवेअर कंपन्यांची धोरणे पालघर-बोईसरमधून बदलता येणार नाहीत. परंतु मजकूर कोणत्या स्वरूपात साठवायचा, हा निर्णय येथेच होतो. मजकूर युनिकोडमध्ये आणि खुल्या स्वरूपात असेल, तर सॉफ्टवेअर बदलले तरी त्याचा मालक बदलत नाही. ही दक्षता घेण्यास महाविद्यालयांनी आपल्या पुढच्या वार्षिकापासून आरंभ करणे उचित ठरेल.